नगरच्या घरातल्या बायबलमध्ये ‘ज्ञानग्रंथ’ का नाही?

निर्मळकरीण (धागाकर्ती)

माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रोटेस्टंट. लग्नाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत पवित्र मरियेवरून, रोजरीवरून, पोपवरून घरात कधी शब्दाला शब्द लागला नाही, कारण आईंनी (सासूबाईंनी) तो लागू दिला नाही. पुढच्या महिन्यात त्यांना जाऊन वर्ष होईल. घरी स्मरणाची उपासना आहे आणि एक वाचन मी करावं असं सगळ्यांनी ठरवलं.

मी ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय निवडला. नीतिमानांचे जीव देवाच्या हातात असतात, त्यांना आता यातना शिवत नाहीत. लोकांना वाटतं ते मेले, पण ते शांतीत आहेत, अशा अर्थाच्या त्या ओळी. माझ्या वडिलांच्या दफनविधीला वसईत हेच वाचन झालं होतं. तेव्हापासून ते माझ्या मनात आहे.

वाचायचं तर आईंच्याच पुस्तकातून, म्हणून त्यांचं जुनं ‘पवित्र शास्त्र’ काढलं. पुठ्ठ्याला आतून खाकी कागद चिकटवलेला, पहिल्या कोऱ्या पानावर तिन्ही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा पेन्सिलीने, स्तोत्रसंहितेची पानं हाताळून मऊ पडलेली. आमच्या बायबलमध्ये ज्ञानग्रंथ गीतरत्नानंतर येतो, म्हणून गीतरत्न उघडलं, पान उलटलं, तर समोर यशया. मधलं काही नाहीच. मला वाटलं पानं सुटली असतील, म्हणून शिवणसुद्धा तपासली.

भाऊजी मंडळीत (त्यांच्या चर्चमध्ये) ‘वडील’, म्हणजे कारभारी, आहेत. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, ते शास्त्रात नाही. उपासनेत वाचता येणार नाही.” राग नव्हता त्यात. पण मला रात्रभर झोप लागली नाही. जे वचन माझ्या वडिलांच्या शवपेटीशेजारी वाचलं गेलं, ते माझ्या सासूच्या घरात वचनच नाही, हे कसं? ही पुस्तकं कुणी काढली? की आमच्यात कुणी घातली? आणि हे ठरवणारं कोण?

भांडण नको आहे. समजून घ्यायचं आहे.

वाचनछंद

सोपं आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात: ४६ आणि ३९. रोमपासून वेगळं होऊन प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने सात पुस्तकं काढून टाकली.

पापडीकर

वाचनछंद, मी कॅथलिक असूनही हे वाक्य असंच सोडू शकत नाही. सेमिनरीत चार वर्षं काढली आहेत (नंतर संसाराला लागलो), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ती सात पुस्तकं म्हणजे तोबित, यूदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही ग्रीक भाग. येशूच्या काळी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांमध्ये जे भाषांतर चालत असे, सेप्तुआजिंत, त्याच्या परंपरेतून ही पुस्तकं ख्रिस्ती लोकांकडे आली. हिब्रू शास्त्राच्या यादीत ती नाहीत. ज्ञानग्रंथ तर मुळातच ग्रीकमध्ये लिहिलेला. तोबित आणि सिराख यांचे हिब्रू-अरामी तुकडे मृत समुद्राजवळ कुम्रानला सापडले, तो अलीकडचा शोध.

ही शंका लूथरच्या हजार वर्षं आधीची आहे. संत जेरोम बेथलेहेमला बसून हिब्रूतून लॅटिन भाषांतर करत होते. त्यांचं म्हणणं होतं, हिब्रूत जे नाही ते वेगळं ठेवा. चर्चमध्ये वाचा, पण त्यावर सिद्धांत उभारू नका. संत ऑगस्टिन याच्या उलट. आफ्रिकेतल्या हिप्पो (इ.स. ३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांनी या पुस्तकांसकट यादी केली. जेरोमनी तोबितचं भाषांतर केलं, पण मन लावून नाही; एका दिवसात संपवलं, असं त्यांनीच प्रस्तावनेत लिहिलंय.

आणि लूथरने ‘काढली’ म्हणायचं तर १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं आहेत! दोन करारांच्या मध्ये, वेगळ्या भागात: शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली आणि उपयोगी, असं वर लिहून. १५१८ मध्ये ऑग्सबुर्गला लूथरची झाडाझडती घेणारे कार्डिनल कायेतान यांचंही या पुस्तकांबाबतचं मत पुढे जेरोमसारखंच होतं. आमच्या बाजूने हा विषय पक्का बंद झाला तो ८ एप्रिल १५४६ ला, ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेत.

भिंगारवाला

पापडीकर, मनापासून आभार. आमच्याकडचा माणूसही इतकं सरळ सांगत नाही.

मी नगरचाच, प्रोटेस्टंट, चौथी पिढी. ताई, तुमच्या भाऊजींची बाजू मांडतो.

‘केवळ शास्त्र’ या आमच्या तत्त्वाचा अर्थ बाकी सगळं फेकून द्या असा नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार आम्हीही म्हणतो. जुन्या धर्मसभांना मान देतो. पण सभा चुकू शकते, बिशप चुकू शकतो, आमचा पाळकही चुकू शकतो. न चुकणारं एकच: देवाचं लिखित वचन. बाकी सगळ्यांची परीक्षा त्यावर. १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटासमोर लूथर हेच म्हणाला. पोप आणि धर्मसभा चुकल्या आहेत, एकमेकांच्या विरुद्ध बोलल्या आहेत; मला शास्त्राने किंवा उघड युक्तिवादाने पटवा, नाहीतर मी मागे घेणार नाही.

हिब्रू यादी का धरली? रोमकरांस तीनमध्ये पौल लिहितो की देवाची वचनं यहुद्यांकडे सोपवली होती. ज्यांच्याकडे ठेव ठेवली, त्यांनाच विचारायचं की ठेवीत काय काय होतं.

आणि हा नुसता यादीचा वाद कधीच नव्हता. दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी दोन हजार चांदीची नाणी जमवून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना, शुद्धिस्थान (मरणानंतर जीव शुद्ध होण्याची अवस्था), यांचा मोठा आधार तोच. १५१९ ला लाइप्झिगच्या वादात योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताने लूथरपुढे हाच अध्याय टाकला आणि लूथर म्हणाला, हे पुस्तक प्रमाण यादीत नाही. म्हणजे प्रश्न आला पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांच्या व्यवहारातून, आणि बोट गेलं यादीवर.

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण स्मरणाच्या उपासनेत त्या पुस्तकांतलं वाचन म्हटल्यावर भाऊजींच्या मनात हे सगळं उभं राहिलं असणार.

निर्मळकरीण

हे मला खरंच माहीत नव्हतं. ज्ञानग्रंथ आणि मक्काबी एकाच गाठोड्यात बांधले गेले, असं म्हणायचं का?

भिंगारवाला

हो, काहीसं तसंच.

कुतूहल

मी हिंदू, त्यामुळे चुकलं तर सांगा. आपल्याकडे श्रुती आणि स्मृती. दोघींत विरोध आला तर श्रुती प्रमाण. कॅथलिकांचं बायबल आणि परंपरा हे असंच आहे का?

पापडीकर

छान प्रश्न. गंमत अशी की तुमची मांडणी भिंगारवाल्यांच्या बाजूला जास्त जुळते: वर शास्त्र, खाली बाकीचं, विरोध आला तर वरचं प्रमाण.

आमच्याकडे वर-खाली असं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ ला देवाच्या प्रकटीकरणावर जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून निघतात आणि एकमेकांत मिसळतात, असं म्हटलंय. ट्रेंटच्या मसुद्यात आधी ‘काही सत्य लिखित ग्रंथांत, काही अलिखित परंपरांत’ अशा अर्थाचे शब्द होते. ते गाळून नुसतं ‘आणि’ ठेवलं. या एका ‘आणि’वर आमच्या पंडितांनी चारशे वर्षं काथ्याकूट केला आहे!

पण ‘परंपरा’ आणि ‘रूढी’ या दोन शब्दांत गल्लत करू नका. धर्मगुरूंनी लग्न न करणं, शुक्रवारी मांस न खाणं, या शिस्तीच्या गोष्टी, बदलू शकतात. मी म्हणतोय ती परंपरा म्हणजे प्रेषितांनी जे तोंडी शिकवलं, जगून दाखवलं आणि पुढच्यांच्या हाती दिलं ते. नवा करार लिहून पूर्ण होण्याआधीही ख्रिस्तसभा होतीच ना? बाप्तिस्मा होत होता, भाकर मोडली जात होती. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, आम्ही तोंडी किंवा पत्राने जे शिकवलं ते धरून राहा. ‘किंवा पत्राने’, दोन्ही.

भिंगारवाला

आणि मार्कच्या सातव्या अध्यायात येशू काय म्हणतो? आईबापांना द्यायचा पैसा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिला म्हणायचं आणि म्हातारपणी त्यांना वाऱ्यावर सोडायचं. ‘तुम्ही आपल्या संप्रदायाने देवाचं वचन रद्द करता.’ परंपरा आणि रूढी यांत फरक आहे, मान्य. पण एखादी गोष्ट रूढी आहे की प्रेषितांची परंपरा, हे ठरवायचं कशावर? तुम्ही म्हणाल, ख्रिस्तसभा ठरवेल. म्हणजे आरोपीच न्यायाधीश झाला.

सरळ विचारतो. १ नोव्हेंबर १९५० ला पोप पायस बारावे यांनी मरियेचं सदेह स्वर्गारोहण हा मानलाच पाहिजे असा सिद्धांत म्हणून जाहीर केला. शास्त्रात ते कुठे आहे?

पापडीकर

सरळ विचारलंत, सरळ सांगतो. ते घडल्याचं सांगणारं एकही वचन नाही. विश्वासी लोक शतकानुशतकं हे मानत आले, सण पाळत आले, आणि ते शास्त्राच्या एकूण ओघाशी जुळतं, असं आमचं म्हणणं. तुम्हाला ते पुरणार नाही हे मला कळतं.

पण ‘न्यायाधीश’ या शब्दावर एक. १९६५ च्या त्याच दस्तऐवजात, दहाव्या परिच्छेदात, ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे, असं स्पष्ट आहे. निदान कागदावर आमची भूमिका मालकाची नाही.

आता माझा उलट प्रश्न. २७ पुस्तकांची तुमची यादी नव्या करारात कुठे आहे? कुठल्याच पुस्तकात अनुक्रमणिका लिहिलेली नाही. आज आपण दोघं वाचतो तीच नेमकी २७ नावं अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात येतात. ते अलेक्झांड्रियाचे बिशप. म्हणजे ‘केवळ शास्त्र’ म्हणताना शास्त्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे तुम्ही परंपरेकडूनच घेतलंत.

भिंगारवाला

याचं उत्तर माझ्या आजोबांनी दिलं होतं. ते सराफाकडे कामाला होते. म्हणायचे, सोनार सोनं पारखतो, निर्माण करत नाही. कसोटीवर रेघ उमटली म्हणून सोनं सोनं होत नाही. ते आधीच असतं. मंडळीने पुस्तकं ओळखली. त्यांना अधिकार दिला नाही.

पापडीकर

उपमा सुंदर आहे, आणि आमच्याकडेही असंच म्हणतात, ख्रिस्तसभा शास्त्राला प्रेरित ‘करत’ नाही. पण गिऱ्हाईक म्हणून मला विचारायचंय, तो सोनार चुकू शकतो का?

भिंगारवाला

(दोन दिवस विचार केला, म्हणून उशीर.)

हो. तत्त्वतः चुकू शकतो. आम्हाला ते मान्य करावंच लागतं. देवाने आपल्या लोकांना इतक्या महत्त्वाच्या गोष्टीत भरकटू दिलं नसेल, हा माझा विश्वास आहे, सिद्धता नाही. आणि हे लिहिल्यावर लक्षात येतंय की हा विश्वास थोडा तुमच्यासारखाच आहे.

लाननदीकाठी

जर्मनीत मारबुर्गला शिकायला आहे. धागा वाचून राहवलं नाही. इथला किल्ला माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो. ऑक्टोबर १५२९ मध्ये तिथे लूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली भेटले. दोघंही ‘केवळ शास्त्र’वाले, दोघंही रोमपासून वेगळे. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, प्रभुभोजनावर अडलं. ‘हे माझं शरीर आहे.’ लूथरने हे शब्द लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवले होते असं सांगतात. झ्विंगलीचं म्हणणं, ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’. लूथर म्हणे, ‘आहे’ म्हणजे आहे.

शास्त्र एकच, वाक्य एकच, अडलं एका क्रियापदावर. मी स्वतः प्रोटेस्टंट घरातली. त्या किल्ल्याकडे बघताना मला दर वेळी हाच प्रश्न पडतो की दोन प्रामाणिक माणसं एकच वाक्य वाचून दोन दिशांना गेली, तर पुढे काय?

पापडीकर

याच ठिकाणी आम्ही म्हणतो, कुणीतरी शेवटचा शब्द सांगणारं हवं. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प रथातल्या हबशी अधिकाऱ्याला विचारतो, वाचतोस ते समजतंय का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार?

भिंगारवाला

आणि त्याच पुस्तकात बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणं खरं आहे का, हे रोज शास्त्र उघडून तपासतात, आणि त्यांचं कौतुक होतं.

रमाबाईंची_वाचक

एवढा मोठा धागा झाला आणि पंडिता रमाबाईंचं नाव नाही? हा वाद त्या मराठी बाईने स्वतः अंगावर घेतलाय.

१८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना. नंतर त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अधिकारावरचाच आहे. सिस्टरचं म्हणणं, चर्च सांगतं ते नम्रपणे स्वीकार. रमाबाईंचं उत्तर साधारण असं: भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं, आता धर्मगुरूंकडून येईल ती प्रत्येक गोष्ट आज्ञा मानून दुसरं तसंच जोखड घेणार नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतावरही त्या विचारत होत्या, हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा.

आणि त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. खिळे जुळवणं, छापणं तिथल्या बायकांनी केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्या समाजात बाईने वेद ऐकायचाही नाही, तिथे एका बाईने शास्त्र मुळातून वाचून साध्या बायकांच्या भाषेत ठेवलं. ‘केवळ शास्त्र’ ही घोषणा मला युरोपच्या इतिहासातून कळली नाही, केडगावमुळे कळली.

पापडीकर

हे वाचून गप्प बसलो होतो. आमच्या बाजूची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ट्रेंटनंतर १५६४ च्या नियमांत लोकभाषेतलं बायबल वाचायला सामान्य माणसाला वरची परवानगी लागत असे. त्याच काळाच्या सावलीत गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये राशोलला आपलं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. बायबलचं भाषांतर नाही ते. बायबलची कथा, ओवीत, मराठीत. ते गायलं गेलं, ऐकलं गेलं. शब्दशः मराठी बायबलचा पहिला छापील भाग आला तो १८०५ मध्ये, विल्यम केरींचं मत्तय. दोनशे वर्षांनी, आणि प्रोटेस्टंटांकडून.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. मिस्सा (आमची उपासना) लॅटिनमध्ये. तरी येशूचं दुःखसहन तिला पाठ होतं, क्रुसाच्या वाटेवरच्या चौदा स्थानांच्या चित्रांवरून, गाण्यांवरून. ती ख्रिस्ताला ओळखत नव्हती असं मला कुणी सांगू नये. पण तिच्या हातात पुस्तक द्यायला हवं होतं, हेही खरं. व्हॅटिकन परिषदेनेच १९६५ मध्ये म्हटलं की शास्त्र सर्वांना सहज मिळालं पाहिजे. फार उशीर झाला.

भिंगारवाला

माझ्या पणजीला पुस्तक मिळालं. त्यासाठीच ती चाळिशीत बाराखडी शिकली. पण तिच्या पुस्तकातून ज्ञानग्रंथ गळला होता, आणि तो का, हे मी गेल्या आठवड्यात शोधत बसलो.

१६११ च्या इंग्रजी राजमान्य बायबलमध्येही ही पुस्तकं होती. अँग्लिकन श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी सहावं कलम जेरोमचाच हवाला देऊन सांगतं की ती जीवनाच्या उदाहरणासाठी वाचावीत, सिद्धांतासाठी नाही. बहुतेक छापील प्रतींतून ती गेली ती १८२६ नंतर. लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ठरवलं की ही पुस्तकं छापायला यापुढे पैसे द्यायचे नाहीत. स्कॉटलंडच्या लोकांचा दबाव होता. मुंबईहून संपूर्ण मराठी बायबल निघालं १८४७ मध्ये, त्या निर्णयानंतर.

ताई, म्हणून तुमच्या सासूबाईंच्या पुस्तकात गीतरत्नानंतर थेट यशया. भाऊजींना ते सहावं कलम दाखवा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालं तेव्हा त्यात अँग्लिकनही आले होते. तो वारसा त्यांचाही आहे.

निर्मळकरीण

उशिरा लिहितेय. काल उपासना झाली.

भाऊजींना हा सगळा धागा वाचून दाखवला. सहाव्या कलमाशी ते थांबले. ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय माझ्या फोनवर त्यांनी स्वतः दोनदा वाचला. म्हणाले, “शब्द चांगले आहेत वहिनी. आईला आवडले असते.” मग ठरलं असं: शास्त्रवाचन रोमकरांस आठव्या अध्यायातलं, तेही मीच करायचं. मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, तो भाग. आणि ज्ञानग्रंथातल्या नऊ ओळी नंतर, आठवणी सांगायच्या वेळी.

फरक कुठे कळला सांगू? वसईला वाचन संपलं की हे प्रभूचं वचन आहे असं वाचणारा म्हणतो आणि लोक देवाचे आभार मानतात. लहानपणापासूनची सवय. काल रोमकरांस वाचून झाल्यावर मी ते म्हटलं. ज्ञानग्रंथाच्या नऊ ओळी वाचून झाल्यावर ओठांवर आलं आणि थांबवलं, कारण तसा शब्द दिला होता. समोर सगळे गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. तुम्ही इथे इतके दिवस ज्यावर बोलत होता, ते त्या न म्हटलेल्या एका वाक्यात होतं. मला ते जड गेलं. माझ्यासाठी ते वचनच आहे.

ओळी मी वहीच्या कागदावर लिहून नेल्या होत्या. भाऊजींनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून आईंच्या पुस्तकात ठेवला. कुठल्या पानात, ते मी पाहिलं नाही.

मृतांसाठी प्रार्थनेचा मुद्दा आहे तिथेच आहे. २ नोव्हेंबरला, आमच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मी माहेरी जाईन, मिस्सासाठी बाबांच्या नावाबरोबर आईंचं नाव देईन. हे भाऊजींना आधीच सांगितलंय. ते म्हणाले, “मी नाही येणार. पण स्टेशनवर सोडतो.”

पापडीकर, त्या दिवशीचं वाचन आधी कळलं तर कळवाल का? भिंगारवाला, तुमच्या पणजीबद्दल अजून लिहा.

भिंगारवाला

लिहितो. तिचं पुस्तक काकांकडे आहे, रविवारी जाऊन बघून येतो.